‘द सिम्स’ : संगणकावरील भातुकली व तिच्यांतील कांहीं गुप्त गोष्टी

गेल्या सहामाही परीक्षेनंतरची गोष्ट. मधल्या सुटींत आम्ही आठवीच्या वर्गावरून चाललों होतों. आंत पांच-सहा मुलें एका बांकाभोंवतीं जमलीं होतीं, व त्यांपैकीं एक जण मोठ्या ऐटीनें सांगत होता, “मीं त्याला पोहण्याच्या तलावांत उतरविलें आणि मागाहून शिडीच काढून टाकली. बिचारा रात्रभर गोल गोल पोहत राहिला. शेवटीं बुडाला!” ऐकणारीं मुलें खदखदून हंसलीं. आम्ही दारांतच थबकलों. आम्हांस पाहतांच हंसणें थांबलें आणि तो मुलगा घाईघाईनें म्हणाला, “सर, तो खरा माणूस नव्हता. सिम होता.”

शिक्षा करावी कीं सोडून द्यावें, हें त्या क्षणीं आम्हांस सुचेना. मुलगा स्वभावानें दुष्ट नाहीं. वर्गांतील एका पायानें अधू असलेल्या सोबत्याचें दप्तर तो रोज जिना चढून वर आणून देतो. तेव्हां आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें, कीं हा खेळ तूं आम्हांस शिकव. तो प्रथम घाबरला, मग खुलला. त्याच्या वडिलांच्या परवानगीनें पुढील पांच शनिवार आम्ही त्यांच्या घरीं जाऊन बसलों, व मध्यंतरीं ह्या खेळाच्या जन्मासंबंधानें जें वाचावयास मिळालें तें वाचून काढिलें. विद्यार्थ्यांना खेळ ठाऊक असतो, परंतु त्याच्या पोटांत काय आहे तें ठाऊक नसतें. पालकांना बहुधा दोन्हीही ठाऊक नसतें. उभयतांच्या उपयोगीं पडावे म्हणून पुढील चार शब्द लिहीत आहों.

‘द सिम्स’ हा खेळ ४ फेब्रुवारी २००० रोजीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. तो रचणारी मंडळी ‘मॅक्सिस’ ह्या संस्थेची, त्यांचा मुख्य विल राइट, आणि प्रकाशक ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ ही कंपनी. ह्याच राइट यांनीं १९८९ सालीं ‘सिमसिटी’ नांवाचा, शहर वसविण्याचा खेळ प्रसिद्ध करून नांव मिळविलें होतें. त्या खेळांत शहर दिसे, पण माणसें दिसत नसत. ‘द सिम्स’मध्यें एकच घर दिसतें आणि त्यांतील माणसें पुरतीं दिसतात. त्यांना ‘सिम’ म्हणतात. खेळणाऱ्यानें कुटुंबास नांव द्यावें, २०,००० ‘सिमोलिऑन’ ह्या भांडवलावर जागा घ्यावी, भिंती उभाराव्या, सामान आणावें, माणसांस जेवूं-निजूं घालावें, कामावर धाडावें, आणि दर तिसऱ्या दिवशीं येणारीं बिलें भरावीं. न भरल्यास एक इसम येऊन सामान उचलून नेतो. ह्या खेळांत कोणी जिंकत नाहीं आणि खेळ संपतही नाहीं. आपल्या सापशिडीला निदान शंभरावें घर असतें. येथें तेंही नाहीं.

हा खेळ घडत असतां त्याचें कच्चें नांव इंग्रजींत ‘बाहुलीघर’ अशा अर्थाचें होतें. आपण त्यास सरळ भातुकली म्हणूं. त्या नांवामुळें आरंभीं त्याची बरीच उपेक्षा झाली. निवडक लोकांना बोलावून खेळाची कल्पना सांगितली, तर ती त्यांस मुळींच रुचली नाहीं. भांडीं घांसण्याचा आणि आंघोळीला जाण्याचा खेळ विकत कोण घेणार, असाच एकंदर सूर होता. पुढें मार्च २००२ मध्यें प्रकाशकांनीं जाहीर केलें कीं, ६३ लाख प्रती खपून ‘मिस्ट’ ह्या खेळाचा उच्चांक मोडला आहे आणि घरगुती संगणकावरील खेळांत ‘द सिम्स’ खपाच्या बाबतींत पहिला झाला आहे. खेळणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुली व स्त्रिया होत्या. ज्यांना भातुकली हा पोरखेळ वाटला, त्यांनीं आपल्या घरांतील मुलींना एकदां विचारावयास हवें होतें.

आतां ह्या खेळाच्या मुळाशीं असलेली एक गोष्ट सांगतों. ती आमच्या आठवीच्या मुलांपैकीं एकालाही ठाऊक नव्हती. रविवार, ता. २० ऑक्टोबर १९९१ रोजीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड शहराच्या टेंकड्यांवर मोठा वणवा पेटला. त्यांत २५ माणसें दगावलीं व सुमारें ३,००० घरें जळालीं. त्यांपैकीं एक घर विल राइट यांचें होतें. घर गेलें, सामान गेलें; मग संसार पुनः उभा करावयाचा म्हणजे एकेक वस्तु पुनः विकत आणणें आलें. त्या वेळीं प्रत्येक वस्तूविषयीं त्यांच्या मनांत प्रश्न येऊं लागला : ही आपल्याला कशाला लागते? हिच्यांतून आपली कोणती गरज भागते? ह्या प्रश्नांतून खेळाची कल्पना वाढत गेली. वास्तुशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचा १९७७ सालचा एक ग्रंथ त्यांनीं पूर्वींच वाचला होता. खोली, खिडकी, अंगण हीं राहणाऱ्या माणसाच्या गरजेंतून उगवावीं, असें त्या ग्रंथाचें म्हणणें आहे. म्हणून राइट यांचा पहिला विचार असा होता कीं, खेळ घर बांधण्याचाच असावा, व आंत सोडलेलीं माणसें केवळ घराचे परीक्षक असावीं : घर चांगलें असेल तर तीं सुखी दिसतील, वाईट असेल तर कुरकुरतील. पुढें परीक्षकच इतके मनोरंजक निघाले कीं, घर मागें पडलें आणि माणसें पुढें आलीं.

ह्या माणसांच्या अंगीं आठ गरजा दिलेल्या आहेत : भूक, आराम, स्वच्छता, शौच, झोंप, करमणूक, संगत आणि राहत्या खोलीची स्थिति. प्रत्येक गरजेची एक पट्टी असते. ती वेळेबरोबर उतरते व योग्य तें केल्यास पुनः चढते. अब्राहम मॅस्लो ह्या मानसशास्त्रज्ञानें १९४३ सालीं मनुष्याच्या गरजांची जी चढती मांडणी केली, तिची येथें आठवण होते. फरक इतकाच कीं, मॅस्लोच्या मांडणींत वरच्या पायऱ्यांवर मान आणि आत्मविकास आहेत. येथें यादी जेवण, झोंप, स्नान आणि गप्पा येथपर्यंत येऊन थांबते.

आतां खरें गुपित. आम्हीं त्या मुलास विचारलें, “ह्या सिमला भूक लागली म्हणजे फ्रिजकडे जावें, हें त्याला कोण शिकवितें?” तो म्हणाला, “त्याच्या डोक्यांत असतें, सर.” कोणीही असेंच म्हणेल. परंतु वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. सिमच्या डोक्यांत ह्यांतील कांहीं नसतें. सारें ज्ञान वस्तूंच्या पोटीं ठेवलेलें असतें.

मंडईंत सायंकाळीं जा. प्रत्येक भाजीवाली हांक मारते : इकडे या, ताजी मेथी, इकडे या, स्वस्त वांगीं. त्या खेळांतील घर म्हणजे अशी एक मंडई समजा. फ्रिज सतत हांक मारीत असतो, ‘माझ्याकडे ये, तुझी भूक इतकी भागवीन.’ पलंग म्हणतो, ‘मी तुझा थकवा इतका घालवीन.’ टेलिव्हिजन करमणूक देऊं करतो, न्हाणी स्वच्छता देऊं करते. ह्या हांका आपल्या कानांवर येत नाहींत. त्या आंतल्या आंत अंकांच्या रूपानें चाललेल्या असतात. सिम एवढेंच करतो, कीं सर्व हांका ऐकतो आणि आपल्या पट्ट्यांशीं ताडून पाहतो. पोट भरलेलें असेल तर फ्रिजची हांक त्याला क्षीण लागते. पोट रिकामें असेल तर तीच हांक मोठी होते. वस्तु दूर असली कीं हांक मंदावते, जवळ असली कीं वाढते. शिवाय ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणें कांहीं हांका अधिक गोड लागतात. खेळकर सिमला खेळाची, तर नीटनेटक्याला केरसुणीची.

समजा, एक सिम संध्याकाळीं कामावरून परतला. त्याला बरीच भूक आहे, थोडी झोंपही आहे, आणि दाराशींच टेलिव्हिजन आहे. फ्रिज मागच्या खोलींत आहे. अशा वेळीं तो सरळ फ्रिजकडे जाईल, असें नाहीं. जवळची हांक मोठी ठरून तो आधीं टेलिव्हिजनपुढें बसूं शकतो. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं संध्याकाळीं हाच प्रकार घडतो, म्हणून त्याचें स्पष्टीकरण अधिक करीत नाहीं. आणखी एक खुबी आहे. सर्वांत मोठी जी हांक, तीच तो नेहमीं मानीत नाहीं. वरच्या दोन-चार हांकांतून एक सहजगत्या उचलतो. नेहमीं सर्वोत्तमच निवडूं लागला, तर तो माणूस न वाटतां यंत्र वाटेल, म्हणून रचनाकारांनीं ही थोडी चूक मुद्दाम त्याच्या पदरीं घातली.

सिम फ्रिजपाशीं पोंचल्यावरही त्याला पुढें काय करावें तें ठाऊक नसतेंच. ‘येथें उभा राहा, दार उघड, हात पुढें कर’ हे सर्व हुकूम फ्रिज देतो. म्हणूनच नवी वस्तु खेळांत आणून ठेवली, कीं घरांतील यच्चयावत् माणसांस ती वापरतां येऊं लागते. माणसांना नव्यानें शिकवावें लागत नाहीं. २००० ते २००३ ह्या काळांत मूळ खेळाच्या सात पुरवण्या निघाल्या आणि शेंकडों वस्तूंची भर पडली, ती ह्याच युक्तीमुळें. ह्या युक्तीचें मूळ कोठें असेल, असा विचार करितां मुंग्या आठवतात. राइट यांनीं १९९१ सालीं मुंग्यांच्या वारुळावर एक खेळ रचला होता. मुंगी स्वतः फारशी विचारी नसते. वाटेवर सोडलेला गंध तिला सांगतो आणि ती चालते. शहाणपण मुंगींत कमी आणि वाटेंत अधिक असतें.

हें समजल्यावर आम्हीं त्या मुलाला तलावाची गोष्ट पुनः सांगावयास लाविलें. शिडी काढली आणि माणूस बुडाला, तो मूर्ख होता म्हणून नव्हे. बाहेर कसें यावें, हें ज्ञान त्याच्यापाशीं कधींच नव्हतें. तें शिडीपाशीं होतें. शिडी काढली तेव्हां बाहेर पडण्याची वाटच नव्हे, तर बाहेर पडण्याची कल्पनाही घरांतून नाहींशी झाली. मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “म्हणजे सर, त्याला शिडी नाहीं हेंसुद्धां कळलें नसेल?” आम्हीं सांगितलें, कीं बहुधा नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ह्या व्यवस्थेंत माणसें हींही एक प्रकारच्या वस्तूच आहेत. शेजारीण घरांत आली म्हणजे तिच्यापासूनही हांक येऊं लागते, ‘माझ्याशीं बोल, तुझी संगतीची पट्टी भरेल.’ दोघे एकमेकांस अशा हांका देतात, व त्यास आपण मैत्री म्हणून पाहतों.

सिमांचें शहाणपण रचनाकारांनीं हात राखून दिलें आहे. आरंभीं तीं स्वतःचा संसार इतका नीट चालवूं लागलीं, कीं खेळणाऱ्यानें केलेली प्रत्येक ढवळाढवळ त्यांच्या तोट्याची ठरूं लागली. मग खेळणारा कशाला हवा? म्हणून त्यांना थोडीं कमी शहाणीं करण्यांत आलीं. परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या डोक्यावर उभ्या राहणाऱ्या आम्हां शिक्षकांना व पालकांना हें वाचून काय वाटावें, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

काळासंबंधीं एक गंमत. आपला एक सेकंद म्हणजे त्यांचें एक मिनिट. अर्थात् त्यांचा एक दिवस आपल्या २४ मिनिटांत उरकतो. इतक्या त्वरेनें चालणाऱ्या दिवसांत जेवण, स्नान आणि नोकरी बसवितां बसवितां खेळणाऱ्याची तारांबळ उडते, आणि मग तो पैसा साठवून वेळ वांचविणाऱ्या वस्तु आणतो. त्या वस्तु मोडतात. दुरुस्त कराव्या लागतात, पुसाव्या लागतात, आणि पुरेसें पाककौशल्य नसलेल्या माणसानें चूल पेटविली तर ती भडकून घरास आग लागते. वेळ वांचविण्याकरितां घेतलेल्या वस्तु शेवटीं वेळच खातात, ही थट्टा राइट यांनीं समजून-उमजून केली आहे. ज्याचें सारें सामान एका दिवसांत जळालें, त्यानें रचलेल्या खेळांत आग आहे, धुराचा इशारा देणारी घंटा आहे आणि धांवत येणारा बंबवाला आहे, हें आम्हांस तिसऱ्या शनिवारीं एकाएकीं ध्यानांत आलें.

भाषेविषयीं विद्यार्थी फार विचारतात. सिम जें बोलतात त्यास ‘सिम्लिश’ म्हणतात. ती कोणत्याही देशाची भाषा नव्हे. १९९६ सालच्या ‘सिमकॉप्टर’ ह्या खेळांत ती प्रथम ऐकूं आली. खरी भाषा वापरली असती, तर तींच तींच वाक्यें ऐकून कान किटले असते, शिवाय देशोदेशीं भाषांतराचा खर्च आला असता. म्हणून स्टीफन केअरिन व गेरी लॉलर ह्या, आयत्या वेळीं सुचेल तसा अभिनय करण्यांत तरबेज असलेल्या दोन नटांनीं तोंडाला येतील ते नाद काढून ही बोली उभी केली. ‘सूल सूल’ म्हणजे नमस्कार, ‘डाग डाग’ म्हणजे येतों, ‘नूबू’ म्हणजे तान्हें मूल. इतपत शब्द पुढें रूढ झाले. बाकी सर्व केवळ सूर. पुढें नामांकित गायकांनीं आपलीं गाणीं ह्या बोलींत पुनः गाऊन दिलीं. शब्दांवांचून अर्थ कसा पोंचतो, हें पाहण्याकरितां आम्हीं आठवींत एक प्रयोग केला. निरर्थक अक्षरें सहा निरनिराळ्या सुरांत म्हणून दाखविलीं आणि भाव ओळखण्यास सांगितलें. विनवणी, भीति, आनंद, कंटाळा आणि थट्टा हीं मुलांनीं बरोबर ओळखलीं. सहावा सूर आमच्या मतें प्रेमळ समजूत घालण्याचा होता. वर्गानें एकमुखानें ‘राग’ असें उत्तर दिलें.

आतां किरकोळ गुपितें थोडक्यांत आटोपूं. पहिल्या खेळांत तान्हें मूल पाळण्यांत तीन दिवस राहून एकदम शाळेंत जाण्याजोगें होतें, आणि पुढें कधींच मोठें होत नाहीं. अभ्यास न केल्यास त्याला लष्करी शाळेंत धाडतात. तेथून तें परत येत नाहीं. सप्टेंबर २००४ मध्यें निघालेल्या दुसऱ्या खेळांत मात्र मुलें वाढतात, म्हातारपण येतें, आणि आनुवंशिकता आहे. काळे व तपकिरी केंस प्रबल, पिंगट व तांबडे दुर्बल. तपकिरी डोळे प्रबल, फिकट निळे दुर्बल. त्यामुळें तपकिरी डोळ्यांच्या आईबापांच्या पोटीं निळ्या डोळ्यांचें मूल येऊं शकतें, परंतु तो निळा गुण दोघांच्याही ठिकाणीं सुप्त असला पाहिजे. ब्रूनच्या मठांतील ग्रेगर मेंडेल यांनीं वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून १८६६ सालीं जो नियम छापला, तो हाच. खऱ्या माणसाच्या डोळ्यांचा रंग इतक्या सोप्या हिशेबानें ठरत नाहीं, असें आमचे जीवशास्त्राचे सहकारी बजावून सांगतात. तें येथें नोंदवून ठेवितों. ह्याच दुसऱ्या खेळांत ‘व्हेरोनाव्हिल’ नांवाचें गांव आहे. तेथील कॅप व माँटी ह्या वैरी घराण्यांचीं नांवें ऐकून दहावींतील कोणासही शेक्सपिअरचे कॅप्युलेट व माँटेग्यू आठवतील. शेजारींच ओबेरॉन, टिटानिया, पक् आणि बॉटम राहतात. पहिल्या खेळांतील गॉथ कुटुंबांतील बेला ही गृहिणी दुसऱ्या खेळांत घरांतून नाहींशी झालेली असते, व तिच्यासारखी दिसणारी एक बाई दूरच्या वाळवंटी गांवांत आढळते. ह्यावर मुलांत जे वाद चालतात, ते आमच्या इतिहासाच्या तासाला चालते तर किती बरें होतें!

एक गुपित आमच्या गुरुजींच्या (म्हणजे त्या आठवीच्या मुलाच्या) मुळावर आलें होतें. त्याचें एक संबंध कुटुंब आजारी पडून मेलें, आणि खेळ बिघडला असें त्याला वाटलें. खेळ बिघडला नव्हता. २००० सालच्या पहिल्या पुरवणींत गिनीपिग नांवाचा पाळीव प्राणी आहे. त्याचा पिंजरा साफ न ठेवितां त्याला कुरवाळावयास गेल्यास तो चावतो, ताप येतो, आणि विश्रांति न मिळाल्यास माणूस दगावतो. तोच रोग घरांतील इतरांसही लागतो. ह्याची सूचना कोठेंही ठळक दिलेली नाहीं. त्याच पुरवणींत एका विदूषकाचें चित्र आहे. तें भिंतीवर असतांना घरांतील माणूस फार दुःखी झाला, तर चित्रांतला विदूषक त्याची समजूत घालावयास येतो. पण त्याला तें साधत नाहीं, आणि दुःख वाढतें. आणि आपल्याकडचा दुवा पाहिजे असेल तर तोही आहे : चौथ्या खेळासाठीं २०२१ सालीं ‘फॅशन स्ट्रीट’ नांवाचा कपड्यांचा एक लहान संच निघाला, तो मुंबईच्या रस्त्यावरील पोषाखांवरून बेतलेला आहे.

ह्या सर्वांत आमच्या मनांत घर करून राहिलेलें गुपित मात्र एका शब्दाचें आहे. पैसे संपले कीं आमचा गुरु एक बारीक चौकट उघडी आणि तींत ‘रोझबड’ असा शब्द लिही. लागलीच १,००० सिमोलिऑन जमा होत. त्या शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. ‘सिटिझन केन’ ह्या १९४१ सालच्या चित्रपटांत एक अतिश्रीमंत गृहस्थ मरतांना हा शब्द उच्चारतो. तो त्याच्या लहानपणच्या, बर्फावरून घसरण्याच्या गाडीवर लिहिलेला होता. परंतु खेळाच्या अगदीं पहिल्या आवृत्तींत हा शब्द नव्हता. तेथें दुसराच शब्द चाले : ‘क्लापाउशियस’.

पोलंडचे लेखक स्टानिस्वाव लेम यांनीं १९६५ सालीं एक कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्यांत ट्रुर्ल आणि क्लापाउशियस असे दोन यंत्रकार मित्र आहेत. एका कथेंत ट्रुर्लला दूरच्या एका निर्जन गोलावर पदच्युत केलेला जुलमी राजा भेटतो. त्याला राज्य परत हवें असतें. ट्रुर्ल त्याला एक पेटी करून देतो. तींत इवलेसें राज्य, इवलीं शहरें, इवली प्रजा असते. राजानें वाटेल तसा छळ करावा. खरें कोणी दुखावणार नाहीं. ट्रुर्ल घरीं येऊन ही युक्ति मोठ्या ऐटीनें मित्राला सांगतो. (ही ऐट आम्हीं आठवीच्या वर्गांत ऐकली होती.) क्लापाउशियस मात्र हादरून जातो. तीं माणसें रडतात ना? मार चुकवूं पाहतात ना? मग त्यांचें रडणें खोटें, हें तूं कशावरून ठरविलेंस? तीं केवळ लहान कणांची जुळणी आहेत, असें ट्रुर्ल म्हणतो. त्यावर मित्र विचारतो, आपण तरी दुसरें काय आहों? मग दोघे धांवत त्या गोलावर जातात. तोंपर्यंत पेटींतील प्रजा बाहेर पडून सबंध गोल व्यापून बसलेली असते.

‘सिमसिटी’ सुचण्यास ही कथा कारण झाली, असें राइट यांनींच सांगितलें आहे. आणि ‘द सिम्स’ खेळतांना ज्यानें ज्यानें फुकटचा पैसा मागितला, त्याला प्रथम ह्या रागावलेल्या मित्राचें नांव लिहावें लागलें. लाखों मुलांनीं तें लिहिलें असेल. त्यांपैकीं किती जणांनीं तें कोणाचें नांव, असें विचारलें असेल?

आम्हांस विचाराल तर सिमला दुःख होत नाहीं, असेंच आमचें मत आहे. वर सांगितल्याप्रमाणें त्याच्या आंत आठ पट्ट्या आणि हांका मोजण्याची रीति ह्यांपलीकडे कांहीं नाहीं. लेमच्या पेटींतील प्रजेहून तो पुष्कळच साधा आहे. तरी क्लापाउशियसचा प्रश्न एवढ्यानें मिटत नाहीं. सिमपुरता तो मिटला, पण शिडी काढणारा हात तर खऱ्या मुलाचाच होता. ह्याबद्दल त्याच्या वडिलांशींही आमचें बोलणें झालें. ते म्हणाले, “सर, आम्हीं लहानपणीं चतुराच्या शेपटीला दोरा बांधीत होतों. तो तर जिवंत होता.” ह्याला आमच्यापाशीं चांगलेंसें उत्तर नव्हतें, कारण दोरा आम्हींही बांधला होता.

शेवटच्या शनिवारची हकीकत सांगून लेख पुरा करितों. पहिले दोन खेळ जानेवारी २०२५ मध्यें, पंचविसाव्या वर्षाच्या निमित्तानें, नव्या संगणकांवर चालतील असे पुनः प्रसिद्ध झाले. आमचा गुरु खेळतो तो हाच पहिला खेळ. बुडालेल्या माणसाची समाधि त्यानें अंगणांत तशीच ठेविली होती. आम्हीं त्यास विनंती केली, कीं आज कांहीं हुकूम देऊं नकोस, नुसतें पाहूं. त्यांच्या दिवसाचे दोन-तीन तास गेले. मग त्या माणसाची बायको भांडीं टाकून अंगणांत गेली, समाधीपुढें उभी राहिली आणि रडूं लागली.

“मीं नाहीं सांगितलें, सर,” मुलगा म्हणाला.

“दगडानें सांगितलें,” आम्ही म्हणालों. समाधि हीही त्या घरांतील एक वस्तूच. तिचीही हांक असते.

तो कांहीं बोलला नाहीं. थोड्या वेळानें त्यानें खेळ थांबविला, सामानाची यादी उघडली आणि तलावाला शिडी लावली. मग पलीकडच्या बाजूस आणखी एक लावली. चौथ्या खेळांत तलाव नोव्हेंबर २०१४ मध्यें आले, तेव्हांपासून तेथें शिडी नसली तरी माणूस कांठ धरून वर येतो, हें आम्ही त्याला सांगणार होतों, पण दुसरी शिडी पाहून आम्हीं निराळेंच विचारलें, “एखादी काढली गेली तर दुसरी असावी, म्हणून ना?”

“नाहीं, सर,” तो म्हणाला, “पाहुणे आले म्हणजे एका शिडीवर फार गर्दी होते.”